कशेडी उतरताना

भाईंदरच्या गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कोकणातून आलं की पहिला प्रश्न ठरलेला, काय आणलंत? या वेळी मला तो कुणी विचारला नाही. आई तिच्या बहिणीला शेवटचं भेटायला गेली होती आणि भेट झाली नाही, एवढं सगळ्यांच्या कानावर आलं होतं. का झाली नाही तेही मीच सांगितलं, घाटात ब्रेक फेल झाले. लोक हळहळले, जुनी गाडी म्हटल्यावर असं व्हायचंच म्हणाले, आणि मी मुंडी हलवली.

ते खोटं आहे. खरं काय झालं ते लिहितोय, कारण बिल्डिंगखाली गाड्या लावायला आता जागा उरली नाही आणि मे महिन्यात त्यातल्या निम्म्या गाड्या गोवा हायवेला लागतील. माझ्यासारखेच लोक त्या चालवणार आहेत. ज्यांनी घाट फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय, असे.

निघण्याआधी

बाळूचा फोन शुक्रवारी आला. बाळू म्हणजे माझा मावसभाऊ, संगमेश्वरच्या अलीकडे त्यांचं गाव. "सुरेशदादा, डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलंय. सारखं मावशीचं नाव घेतेय. दोन दिवस काढेल, फार तर तीन."

बायमावशी माझ्या आईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. दोघींची आई लवकर गेली, त्यामुळे माझी आई थोरल्या बहिणीच्या कडेवरच वाढली. सगळे तिला बाय म्हणायचे. आईला फोनचं सांगितलं तर ती रडली नाही. कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "माझी दोन लुगडी काढ."

पण न्यायचं कसं? गेल्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. दहा मिनिटांच्या वर तिला बसवत नाही. रेल्वेचं तिकीट मिळेना, आणि मिळालं असतं तरी स्टेशनपासून पुढं काय? आमची व्हॅन होती. आठ वर्षं जुनी, पांढरी, आमच्याच गल्लीतल्या मेहताभाईंकडून घेतलेली. मागच्या सीटा काढल्या, गादी टाकली, ती सरकू नये म्हणून दोरीने बांधली. आईचं डोकं पुढच्या सीटांकडे, इंजिनाच्या बाजूला, पाय मागच्या दाराकडे.

शनिवारी गाडीची तयारी केली. काय केलं बघा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, लिंबू-मिरची नवीन लावली, पेट्रोलची टाकी भरली, चाकांत हवा भरली, नारळ फोडला. ब्रेक ऑइलची एक डबी असते. गाडी घेतल्यापासून दोन वर्षांत तिचं झाकण मी उघडलं नव्हतं. आणि मी कोण, तर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातला सुपरवायझर. पॉवर प्रेसचा ब्रेक सकाळी तपासल्याशिवाय मी कुणाला प्रेसवर बसू देत नाही. एकदा एका कारागिराने तसंच मशीन सुरू केलं तर त्याला दिवसभर बाहेर उभा केला होता. तीच अक्कल घरी येताना मी कारखान्यात ठेवून येत होतो म्हणायची.

गाडी शिकलो कुठे तेही सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आलं. आमचं भाईंदर सपाट. खाडी, मिठागरं, रस्ते, सगळं एका पातळीत. चढ-उतार बघायचा तर उत्तनच्या बाजूला डोंगरीला जायचं. तिथल्याच पालीचा जॉनी मच्छीचा टेम्पो चालवतो, त्याने मला रविवारी रविवारी तिकडे नेऊन शिकवलं. डोंगरीचा उतार लागला की तो म्हणायचा, "बंद कर रे इंजिन. गाडी जातेय ना आपली आपण? उगा पेट्रोल कशाला जाळतो? काय व्हत न्हाय." चावी एक खटका मागे घ्यायची, गियर न्यूट्रल, आणि गाडी आवाज न करता खाली सुटायची. पुढं मी, माझी बायको नंदा, आम्ही कित्येक रविवार तसे उतरलो. थोडका उतार, संपायचा. मला वाटायचं, आपण पक्के ड्रायव्हर झालो.

रविवार

पहाटे निघालो. घोडबंदर, ठाणे, पनवेल करत वडखळला उजाडलं. नंदाने आईला चहात बुडवून बिस्किटं भरवली. आईने डोळे मिटूनच खाल्ली. दर अर्ध्या तासाने तिचा एकच प्रश्न, "कुठवर आलो?" मी गाव सांगायचो, ती मनातल्या मनात अंतर मोजायची. माणगावला एसटीडी बूथवरून बाळूला फोन केला. तो म्हणाला, "शुद्धीवर आहे. ती पण तेच विचारतेय, कुठवर आली म्हणून." आईला सांगितलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जरा बिगी बिगी हाक."

महाडच्या पुढं हवा बदलते. डिसेंबर होता, भातं कापून झाली होती, खाचरांत वाल-पावट्याचे वेल हिरवे दिसत होते. आमच्याकडे आता जिथे मोकळी जमीन दिसते तिथे बिल्डरची पाटी दिसते. इथे नुसती जमीन होती. एरवी मी थांबून बघितलं असतं.

पोलादपूरला जेवलो नाही, वडापाव घेतले आणि कशेडीला लागलो. चढणीला गाडी दमली. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला. माथ्यावर चहाची टपरी आहे, तिथे थांबलो. तिथले ट्रकवाले खाली उतरून एकेका चाकापाशी वाकत होते आणि उलटा हात जवळ नेऊन बघत होते, पोराचा ताप बघावा तसं. मी ते पाहिलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आपली गाडी छोटी, ते त्यांचं ट्रकवाल्यांचं काम, असं समजलो.

उतार सुरू झाला आणि मी चावी एक खटका मागे घेतली.

"इथे पण?" नंदा म्हणाली.

"इंजिन तापलंय गं. जरा आराम मिळेल त्याला. डोंगरीला नाही का करत?"

पेट्रोल वाचवायचं माझ्या डोक्यातही नव्हतं त्या दिवशी, देवाशपथ. मला खरंच वाटत होतं की आपण गाडीची काळजी घेतोय. लांब जायचंय, इंजिनाला दम खाऊ द्यावा.

डोंगरीचा उतार दोन मिनिटांत संपतो. कशेडीचा संपेना. वळण झालं की पुन्हा उतार, पुन्हा वळण. पाय ब्रेकवरून उचलायची सोय नव्हती. उचलला की गाडी धावायची. तीनेक किलोमीटरनंतर काहीतरी जळाल्याचा वास आला. पुढं एक ट्रक होता, मी म्हटलं त्याचा असेल. मग ट्रक पुढं निघून गेला आणि वास राहिला.

पुढच्या वळणाच्या आधी मी ब्रेक दाबला आणि पॅडल थेट तळाला गेलं. खाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. समोरून एसटी वर चढत होती. चावी फिरवली, इंजिन लागलं, तिसरा गियर टाकला, मग ओढून दुसरा. गाडीने असा हिसका दिला की काच फुटल्यासारखं वाटलं. हँडब्रेक वर खेचला आणि डावीकडे डोंगराच्या अंगाला गाडी घातली. पाण्याच्या गटारात दोन चाकं गेली, पत्रा खडकाला घासत गेला, आणि गाडी थांबली. उजव्या बाजूला दरी होती. तिकडे मी नंतरच बघितलं.

दोरी बांधलेली असूनही आई गादीसकट पुढं सरकली होती, डोकं सीटच्या पाठीवर आपटलं होतं. खुब्यातून कळ गेली असणार, ओठ पांढरे पडले होते. मी मागे जाऊन तिचा हात धरला.

"आई, ब्रेक फेल झाले," मी म्हणालो.

माझं पहिलं वाक्य हे होतं. नंदाने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

एसटीच्या कंडक्टरने वर टपरीवर निरोप दिला, टपरीवाल्याने खाली फोन केला, आणि तासाभराने मोटारसायकलवरून इसाकभाई आले. साठीचा माणूस, पांढरी दाढी, हाताची नखं ग्रीसने काळी. घाटाखालच्या नाक्यावर त्यांचं गॅरेज. चार ट्रकवाल्यांनी गाडी गटारातून उचलून रस्त्यावर ठेवली. इसाकभाईंनी चाकाजवळ नाक नेलं आणि मला म्हणाले, "बाजूला बसा. मी नेतो खाली."

"ब्रेक नसताना?"

"बसा तर खरं."

त्यांनी पहिला गियर टाकला आणि पाय खाली मोकळे ठेवले. इंजिन घरघरत राहिलं आणि गाडी माणसाच्या चालीने उतरायला लागली. सबंध राहिलेला घाट. वळणावर फक्त हँडब्रेकला बोट लावायचे. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला कळत होतं की ज्याला मी आराम देत होतो तेच गाडीला धरून ठेवणार होतं. मी त्यालाच बंद केलं होतं.

गॅरेजवर त्यांनी चाकं काढली. ब्रेकचे ड्रम तापून निळे पडले होते. आतलं रबर चिरायला लागलं होतं. डबीतलं थोडं ऑइल त्यांनी काचेच्या ग्लासात ओतून दाखवलं, चहासारखं काळपट. "हे किती दिवसांचं?" मग नंदा आईला पाणी द्यायला गेलेली बघून ते हळू आवाजात म्हणाले, "उतारावर बंद केली व्हती ना?"

"हो."

"घरच्यांसमोर विचारलं न्हाय. ब्रेक फेल झाला न्हाय साहेब. तुम्ही केलात."

रबराचं किट त्यांच्याकडे नव्हतं. खेडच्या दुकानात होतं, पण रविवार दुपारनंतर दुकान बंद, उघडणार सकाळी नऊला. दुसरी गाडी? झोपलेलं माणूस नेता येईल अशी नाक्यावर एकच गाडी, ती लग्नाचं वऱ्हाड घेऊन रत्नागिरीला गेली होती. त्यांनी माझ्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले. काही जमलं नाही.

आणि मग अशी गंमत झाली, म्हणजे गंमत कसली, परीक्षाच. चार वाजेपर्यंत चाकं गार झाली, इसाकभाईंनी ती पुन्हा बसवून ठेवली होती. मी सहज पॅडल दाबून बघितलं. कडक लागलं, जसं काही झालंच नव्हतं.

"लागतायत की," मी म्हणालो. "हळू हळू जाऊ. ऐंशी किलोमीटरचा प्रश्न आहे. माझी मावशी जायला टेकलीय हो."

"गार झालंत म्हणून लागतायत. पुढं परशुराम घाट हाय. तो पण उतारच. तिथं पुन्हा तापतील, पुन्हा जातील. आणि या वेळी डोंगर कुठल्या बाजूला येईल ते मला म्हाईत न्हाय."

मला खरं तर निघायचंच होतं. का, तर पोचलो असतो तर माझी चूक झाकली गेली असती. भेट झाली की घाटातलं सगळे विसरले असते. हे मी आज लिहितोय, तेव्हा मी स्वतःलाही म्हणत होतो की आईसाठी करतोय.

आईने गाडीतून हाक मारली. "काय म्हणतात ते? जाता येईल का?"

इसाकभाई दारापाशी गेले आणि वाकून म्हणाले, "आजी, तुमच्या जागी माझी बायको असती तर या गाडीत मी तिला बसू दिली नसती."

आई छताकडे बघत पडून राहिली. बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या, सगळ्या खाली, चिपळूणच्या दिशेने. मग ती म्हणाली, "मग उद्या जाऊ."

नाक्यावरच्या बूथवरून मी बाळूला फोन केला. तो म्हणाला, "आईला काय सांगू?" मी म्हटलं, सांग खेडपर्यंत आलीय. तो म्हणाला, "बरं. खेड सांगतो."

इसाकभाईंच्या घरात पुढच्या खोलीत आईला खाट दिली. त्यांच्या बायकोने तांदळाच्या रोट्या केल्या, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, आणि आई खाते न खाते असं वाटून वेगळा मऊ भात आणि कुळथाची पिठी केली. आमच्याकडे भाईंदरला समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे कळायला मला वर्ष लागलं होतं. इथे तासाभरात ती बाई आईच्या पाठीला गरम पाण्याची पिशवी लावत होती. आई दोन घास जेवली. दोघी म्हाताऱ्या हळू आवाजात बायमावशीविषयी बोलत बसल्या.

अंगणात नंदा मला म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही म्हणून मी गप्प आहे. विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि मी पण हसत हसत उतरलेय तुझ्याबरोबर डोंगरीला, त्यामुळे तुला एकट्याला बोलणार पण नाही." एवढं बोलून ती आत गेली.

सोमवार

नऊला इसाकभाई स्वतः खेडच्या दुकानाच्या शटरसमोर उभे होते. साडेदहापर्यंत रबर बदललं, नवं ऑइल भरलं. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून पॅडल दाबायला लावलं, स्वतः चाकापाशी बसून ब्रेकच्या नळीतली हवा काढली, पुन्हा दाबा, पुन्हा दाबा. मग म्हणाले, "चालवा. मी बाजूला बसतो." नाक्यापासून चढापर्यंत आणि परत, चार वेळा. चौथ्यांदा उतरताना मी न सांगता दुसरा गियर टाकला, तेव्हा म्हणाले, "आता जा."

परशुराम घाट मी दुसऱ्या गियरवर उतरलो. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दे म्हटलं. खाली चिपळूण, वाशिष्ठीचं पाणी, नारळीची झाडं, सगळं उन्हात स्वच्छ दिसत होतं. आई म्हणाली, "कुठवर आलो?"

"चिपळूण."

"आलं की मग."

बाळूच्या अंगणात माणसं बसलेली लांबूनच दिसली. पुरुषांनी डोक्याला टॉवेल गुंडाळले होते. मी गाडी थांबवली आणि मला दार उघडवेना.

बायमावशी सकाळी सातला गेली होती. मी जेव्हा दुकान उघडायची वाट बघत चहा पीत होतो, त्याच्या आधी. आईसाठी त्यांनी तिला ठेवलं होतं. बाळूची बायको सांगत होती की आदल्या दिवशी दुपारी म्हातारीने माळ्यावरून दुसरी खाट काढायला लावली. माझ्या बहिणीला खाली बसवत नाही म्हणाली. खाट पुसून घेतली, तिच्यावर धुतलेली चादर घातली आणि आपल्या खाटेला लावून ठेवायला सांगितली. तशीच होती ती, लावलेली. मावशीची खाट रिकामी झाली होती, तिला खाली जमिनीवर ठेवलं होतं.

आम्ही आईला उचलून त्या खाटेवर ठेवलं. तिने कुशीवर वळून हात खाली सोडला. तो मावशीच्या कपाळापर्यंत पोचला. ती तिचे केस मागे सारत राहिली. रडण्याचा आवाज तिचा आलाच नाही. बाळू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गाडीने दगा दिला, दादा. तू तरी काय करणार."

मी मान हलवली. तिथेही हलवली. माझी मला एवढी शरम वाटली की मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि तसाच उभा राहिलो.

शुक्रवार

राख सावडून झाली, आणखी एक दिवस राहिलो आणि निघालो. आईला तेराव्यापर्यंत राहायचं होतं, पण खुबा ठणकत होता, डॉक्टरला दाखवणं भाग होतं. नाक्यावर इसाकभाईंना भेटलो. त्यांनी चाकं बघितली, आईची चौकशी केली. काय झालं ते ऐकून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्या बायकोने आईच्या उशाशी सुपारीएवढा गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली ठेवली.

कशेडी चढून माथ्यावर आलो. नंदा टपरीवर चहा सांगायला उतरली. आता इथून पुढं पोलादपूरपर्यंत पुन्हा उतार. मी मागचं दार सरकवून आईजवळ बसलो. आठवडाभर जे बोलायचं टाळत होतो ते इथेच बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

"आई, त्या दिवशी ब्रेक आपोआप गेले नाहीत. मी इंजिन बंद केलं होतं. माझ्यामुळे झालं."

ती छताकडे बघत होती. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"नंदाने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? तुझं इंजिन माझ्या उशाखालीच आहे. पहाटेपासून डोक्यात घुमत होतं. उतार लागला आणि थांबलं."

म्हटलं, "मग तेव्हाच, उतारावर, बोलली का नाहीस?"

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी परीक्षा देऊन आलो की बघायची, तसं.

"मला वाटलं, तुला कळत असेल."